कोपरच्या उघाडीवरची जोडी

डोंबिवली, ता. २० आगष्ट १८७७

तीर्थस्वरूप भिकाजीमामांच्या चरणी गुरुदत्ताचे साष्टांग दंडवत.

आईचा खोकला उतरला. आपण पाठविलेले ज्येष्ठमध तिने संपविले व आता आणखी हवे म्हणते, ते औषध म्हणून की गोड म्हणून, हे ती सांगत नाही. शाळेत मुले थोडी येतात. भातशेतीचे दिवस आहेत, आणि त्यात गावावर मोठे संकट आले आहे.

दिव्यांच्या अवसेला दुपारच्या भरतीने कोपरचा बांध फुटला. आपण तिकडे कधी आला नाहीत, म्हणून लिहितो. खाडीकाठच्या खाजणात भात होते ते बांधाच्या जिवावर. बांधाला एके ठिकाणी लाकडी दार असते, त्यास इकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीच्या आत फळ्या बसवून खारे पाणी अडवावयाचे. त्या कामावर सहदेव आणि राघो असे दोन आगरी होते. एकाने पाण्यात उतरून फळी धरावयाची, दुसऱ्याने वरून पाचर ठोकावयाची. त्या दिवशी फळी सुटली. सहदेव वाहून गेला. आतल्या शेतात बेणणीला, म्हणजे तण काढावयास, गेलेली लक्ष्मी नावाची एक बाईही बुडाली.

राघो वाचला. वाचला असे लिहिणे चूक आहे, कारण तो तेथे नव्हताच. तो दोन्ही घरांच्या दिव्यांसाठी तेल आणावयास कल्याणास गेला होता व भरतीच्या वेळी काळुराम तेल्याच्या दुकानी होता. परंतु फौजदारापुढे त्याने सांगितले, "मी बांधावर व्हतू." गावानेही तेच सांगितले. दोघांच्या मृत्यूस त्याची हयगय कारण, असा आरोप त्याच्यावर आला असून तो कल्याणास कैदेत आहे. खोटे बोलून स्वतःच्या गळ्यात फास घेणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला.

आता दुसरा विषय. मुलांसाठी मी एक लहानसा शब्दसंग्रह करीत आहे. सोबती, भागीदार, सहकारी, सहाध्यायी, जोडीदार हे शब्द मुले एकाच अर्थी वापरतात. एका कामावर असणाऱ्या दोघांना केव्हा काय म्हणावे, याचा निर्णय आपणच करू शकाल. आपण व परशुरामशास्त्री अदालतीत इतकी वर्षे एका सतरंजीवर बसून मते देत होता. तेही उदाहरण घेता येईल.

वरील बातमीशी या प्रश्नाचा काही संबंध नाही.

आपला आज्ञांकित,
गुरुदत्त

⁂

ठाणे, श्रावण वद्य ३, शके १७९९

चिरंजीव गुरुदत्तास आशीर्वाद.

बातमीचा व प्रश्नाचा संबंध नाही असे तू लिहितोस. मी तसेच धरून चालतो. सरकारने अदालतीतील शास्त्र्यांची जागा काढून टाकली त्या दिवसापासून मी कोणाच्या दाव्यात मत दिलेले नाही व देणार नाही, हे तुला ठाऊक आहे.

शब्दाचे लक्षण, म्हणजे व्याख्या, करताना तीन दोष टाळावे लागतात. ज्याचे लक्षण करावयाचे त्या लक्ष्याच्या काही भागास ते लागू न पडणे ही अव्याप्ती. लक्ष्य सोडून भलत्यासही लागू पडणे ही अतिव्याप्ती. आणि लक्ष्यात ते मुळीच न सापडणे हा असंभव. तू दिलेले शब्द या चाळणीतून काढतो.

सोबती हा वाटेचा असतो, कामाचा नव्हे. दोघे एकाच गाडीने कल्याणास गेले, एक यात्रेस व एक कज्जास, तरी ते सोबती. भागीदारांचे बंधन फळात असते. फळाची वाटणी झाली की ते सुटते. सहाध्यायी याच्या उलट आहे. एका गुरूपाशी शिकलेले दोघे पुढे जन्मभर भेटले नाहीत तरी संबंध राहतो, इतका की निपुत्रिकाचे आप्त, गुरू व शिष्य हे कोणीच नसतील तर सहाध्यायी त्याचा वारस होतो असे धर्मशास्त्र सांगते. विद्येच्या संबंधास शास्त्राने वारसा दिला. कामाच्या संबंधास मात्र, जेथे भागीदारी नाही तेथे, काही दिलेले नाही, हे मुलांना सांगावयास हरकत नाही.

सहकारी हा शब्द नैयायिक कुंभाराच्या दांड्यास व चाकास लावतात. घट होण्यास ती साहाय्य करतात, पण एक दांडा मोडला तर दुसरा घेता येतो. कचेरीत शेजारी बसणारे बहुतेक लोक या जातीचे असतात. त्यांना ते सांगू नये.

राहिला जोडीदार. एक बैल अर्धे शेत नांगरीत नाही. तो मुळीच नांगरीत नाही. म्हणून ज्याच्या अभावी दुसऱ्याचे काम कमी होत नाही, तर होतच नाही, तो त्याचा जोडीदार. हे लक्षण मी तिन्ही दोषांवर घासून पाहिले. निर्दोष आहे.

परशुरामशास्त्र्यांचे उदाहरण गाळावे. ते व मी सहाधिकारी होतो, इतकेच.

ज्येष्ठमध पाठवीत आहे. तुझ्या आईस सांग, ते औषध आहे.

भिकाजीशास्त्री उकिडवे

⁂

डोंबिवली, ता. १९ सप्टेंबर १८७७

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

मी आपल्याशी लबाडी केली व आपण ती ओळखून चालू दिली. आता उघड लिहितो. जोडीदार या शब्दाचे आपले लक्षण मी राघोच्या वकिलास दिले. त्यांना ते फार आवडले. ते म्हणतात, "काम दोघांशिवाय होतच नाही असे अदालतीच्या जुन्या शास्त्र्यांचे मत आहे, मग एकट्या राघोच्या माथी दोष कसा?"

राघो खोटे का बोलला तेही आता कळले. सहदेवाची विधवा कलावती हिच्याकडे मी गेलो होतो. उघाडीची नोकरी गेल्यामुळे बांधाचे धनी झोपडी खाली करावयास सांगत आहेत. ती चुलीशी बसून होती. मी विचारले, "बाई, राघो बांधावर नव्हता हे तुम्हांला माहीत आहे ना?"

"मास्तर, तो तेल आनाया गेल्ता. मीच पाठिवला."

"मग तो 'मी होतो' असे का म्हणतो?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू वेडा मीच आहे. "सहदेव व्हता ना थं? मंग राघो व्हताच."

मामा, ही यांची रीत आहे. उघाडीच्या जोडीतला एक बांधावर असला म्हणजे दोघे आहेत असे सारा गाव धरतो. गावजेवणास एक आला तर दोन पाने मांडतात. एकाची फळी सुटली तर देवळात दंडाचा नारळ दोघे फोडतात. एक मेला तर त्यास शेवटचे पाणी दुसऱ्याच्या घरचे. वर्षानुवर्षे यांस कोणी विचारले, "राघो कुठे आहे?" तर सहदेव म्हणे, "हाय बांधावर," आणि राघो त्या वेळी घरी तापाने पडलेला असे. यात कोणी कोणास फसवीत नव्हते.

कैदेत मी राघोला भेटलो. "अरे, मी नव्हतो एवढे बोल, काळुराम साक्ष देईल," असे परोपरीने सांगितले. तो म्हणाला, "मी नव्हतू म्हनलू तं त्यो येकला मेला आसं व्हईल."  मग दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाला, "मास्तर, तेल कलावतीला पोचला का?"

एकच उपाय आहे. आपले नाव अजून कचेरीत आदराने घेतात. आपण येऊन एवढेच सांगावे की, जोडीचा मनुष्य 'मी होतो' म्हणतो ती या लोकांची रूढी आहे. ती कबुली नव्हे. मग काळुरामाची साक्ष धरता येईल. रूढीप्रमाणे जोडीदारास बांधावर ठेवून गेलेल्या मनुष्याची हयगय होत नाही. आपण आला नाहीत तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होईल. त्याची प्रकृती तेवढी नाही.

गुरुदत्त

⁂

ठाणे, भाद्रपद वद्य २, शके १७९९

चिरंजीव गुरुदत्तास आशीर्वाद.

मी येणार नाही. कारणे देतो, म्हणजे तू ती माझ्या स्वभावावर ढकलणार नाहीस.

रूढी प्रमाण आहे हे मान्य. परंतु ती ज्याने पाहिली त्यानेच ती सांगावी. मी कोपर पाहिले नाही. ती रीत मला तुझ्या पत्रातून कळली आणि तुला एका शोकग्रस्त बाईच्या तोंडून. अशा ज्ञानावर मी शपथ घेतली तर ती खोटी शपथ होईल, मग सांगितलेली गोष्ट खरी का असेना. दुसरे असे की रूढीने पाने दोन मांडता येतात, जेवणारे दोन होत नाहीत. राघो बांधावर होता की नव्हता हा प्रत्यक्षाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याने स्वतः चुकीचे दिले आहे व तो ते बदलीत नाही. त्याच्या तोंडचे वाक्य मी येऊन पुसावे, हे त्यास तरी मान्य आहे काय? तू विचारले नाहीस.

माझे लक्षण वकिलास दिलेस ते मात्र वाईट केलेस. तुझे वकील दोराचे एकच टोक पाहतात. आमच्या शास्त्रात ज्यास दोन्ही टोकांना फास असलेला दोर म्हणतात, तसा तो आहे. सरकारी वकील मूर्ख नसला तर म्हणेल: याच्यावाचून काम होतच नाही असे तुम्हीच सांगता, तर हा हजर असेल तर त्याने काम नीट केले नाही, आणि हजर नसेल तर काम अशक्य करून गेला. दोन्ही पक्षी दोषी. ते लक्षण मागे घे. अद्याप वेळ असेल.

भिकाजीशास्त्री

⁂

डोंबिवली, ता. २९ नोव्हेंबर १८७७

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

वेळ नव्हता. आपले पत्र पोहोचण्यापूर्वीच लक्षण कचेरीत दाखल झाले होते.

सरकारी वकिलाने जवळजवळ आपल्याच शब्दांत ते उलटविले. काळुराम तेली मी समजावल्यामुळे आला आणि त्याने खरे सांगितले: "ह्यो माझ्या दुकानी व्हता, तेल मापून नेला." राघो पिंजऱ्यातून ओरडला, "काळुराम, गप! तुला काय ठावं!" साहेबांनी दुभाष्यास विचारले, आरोपी काय म्हणतो? दुभाषा म्हणाला, साक्षीदारास धमकावतो. ते सरकारी वकिलाच्या उपयोगी पडले. शेवटी विचारले, तू बांधावर होतास की दुकानात? राघो म्हणाला, "आमची जोडी बांधावर व्हती." दुभाष्याने तेवढे नीट सांगितले.

दीड वर्ष सक्तमजुरी.

कलावतीची झोपडी गेली. ती भावाच्या ओसरीवर राहते. तेलाची बाटली तिने जपून ठेवली आहे. दिवे लावले नाहीत.

राघोला ठाण्यास आणले आहे. तुरुंग आपल्या घरापासून फार दूर नाही. आपण दाव्यात मत देत नाही हे खरे; आता दावा उरलेला नाही. त्यास एकदा पाहून याल काय? आई म्हणते, परशुरामशास्त्री पनवेलीस आजारी होते तेव्हाही आपण असेच म्हणाला होता, की भेटीस जाण्यासारखा संबंध नाही. मी तिला गप्प बसविले, परंतु लिहिले आहे.

गुरुदत्त

⁂

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १७९९

चिरंजीव गुरुदत्तास आशीर्वाद.

तुझ्या आईने सांगितले ते खरे आहे. संबंध नव्हता म्हणून गेलो नाही. त्यांच्या निधनाचे सूतकही मला नव्हते.

राघोला काल पाहिले. जुन्या ओळखीमुळे तुरुंगाच्या अंमलदाराने मला आत एका बाकावर बसू दिले व त्यास समोर उभे केले. कृश झाला आहे. डोळे पिवळट दिसले. धान्य दळण्याच्या कामावर आहे. जात्यास दोघे बसवितात. अंमलदार म्हणाला, याच्यासमोर कोणीही बसविला तरी हा खुंट्याची अर्धी बाजू मोकळी सोडून एकट्यानेच ओढतो. मग दळण पुरे होत नाही व शिक्षा होते. हजेरीच्या वेळी नाव पुकारले की "हाव, दोगं" म्हणतो. पहिल्याने थट्टा समजले, आता समजत नाहीत.

मी त्यास विचारले, "सहदेव तुझा कोण?"

"जोडी."

"जोडी म्हणजे काय?"

"म्हंजे जोडी."

"भाऊबंद? सोयरा?"

"नाय. त्याचा माजा भांडान व्हता. बोलत नव्हतू आमी."

हे तुझ्या पत्रांत नव्हते. विचारता कळले की गेल्या शिमग्यापासून त्या दोघांत अबोला होता. कारण त्यास आता नीट आठवत नाही. बांधावर एक शब्द न बोलता फळी धरीत व पाचर मारीत. तेल आणावयास कलावतीने सांगितले, सहदेवाने नव्हे. राघो निघाला तेव्हा सहदेव फळ्या धूत होता. त्याने वर पाहिले नाही. यावरून माझ्या लक्षणास पुष्टीच मिळते, की जोडीदारास स्नेहाची अपेक्षा नाही.

नंतर त्याने मला विचारले, "बाबा, बाकावर जागा हाय. तुमी कडेला का बसलाव? कोन यायचाय?"

या प्रश्नाचा विषयाशी संबंध नव्हता. भेट संपली होती, मी उठलो.

प्रकृतीस उतार पडावा म्हणून अंमलदारास सांगून दळणाऐवजी झाडलोटीचे काम देवविण्याचा यत्न केला. तो म्हणाला, वैद्याने लिहिल्यावाचून होत नाही. वैद्यास विचारले, तो म्हणाला, अंमलदाराने पाठविल्यावाचून पाहता येत नाही. दोघांचेही म्हणणे नियमास धरून आहे.

भिकाजीशास्त्री

⁂

डोंबिवली, ता. १२ जानेवारी १८७८

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

आपले पत्र मी कलावतीस वाचून दाखविले. अबोल्याचे वाक्य गाळणार होतो, पण तिनेच विचारले, "भांडनाचा बोलला का?" मी हो म्हणालो. ती हसली. म्हणाली, "कोंबड्यावरून व्हता. कोंबडा माजाच, दोगांना ठाव नाय. पन उघाडीवर येक दिस चुकला नाय दोगांचा." मग पुष्कळ वेळ पदर तोंडाला लावून होती.

तिचे म्हणणे असे. सहदेवाचे प्रेत खाडीतून मिळाले तेव्हा राघो कैदेत होता, म्हणून जोडीच्या घरचे पाणी सहदेवास मिळाले नाही. राघोला ना बायको ना भाऊ. त्याचे काही झाले तर पाणी द्यावयाचे ते तिनेच. तुरुंगातून बरे वर्तमान येत नाही. ती उघाडीवरचे पाणी घेऊन ठाण्यास येणार आहे. आत सोडीत नाहीत, फक्त नातलगास सोडतात, हे मी सांगितले. ती म्हणते, "तुमचे मामा हायत ना थं? ते सांगतील मी कोन ती."

मामा, या वेळी शपथ नाही, कचेरी नाही. रूढी आता आपणांस अपरिचितही नाही. राघोच्या तोंडून आपण ती ऐकली आहे. एक शब्द सांगावा.

शब्दसंग्रह पुरा झाला. मुले तो पाटीवर उतरवून घेतात. जोडीदार या शब्दाखाली आपले लक्षण जसेच्या तसे ठेवले आहे.

गुरुदत्त

⁂

ठाणे, माघ शुद्ध ५, शके १७९९

चिरंजीव गुरुदत्तास आशीर्वाद.

राघो परवा पहाटे तापाने वारला. मला सकाळी निरोप आला तेव्हा मी तुरुंगाच्या दारी गेलो. कलावती तेथे आधीच होती. तिला कोणी कळविले नव्हते. ती त्यास पाहावयास म्हणून आली होती व तिच्याजवळ मडक्यात पाणी होते.

प्रेत नातलगाने मागितल्यास द्यावयाचे, नाही तर तुरुंगाच्या लोकांनी दहन करावयाचे, असा नियम आहे. अंमलदाराने तिला विचारले, "तू मयताची कोण?" ती म्हणाली, "जोडीच्या घरची." त्यास ते समजले नाही. तो देशावरचा आहे. त्याने माझ्याकडे वळून विचारले, "शास्त्रीबोवा, ही काय म्हणते? ही नातलग आहे काय?"

मी सांगितले, "मयत व हिचा पती एका कामावर होते. रक्ताचा अथवा विवाहाचा संबंध नाही."

हे अक्षरशः खरे आहे. त्याने नातलग आहे काय असे विचारले होते. जोडी म्हणजे काय असे विचारले असते तर मी तेही सांगितले असते. त्याने विचारले नाही.

कलावतीने मला विचारले, "काय बोललाव, बाबा?" मी तिला ते वाक्य जसेच्या तसे सांगितले.  ती म्हणाली, "खरा हाय. आमचा तं काईच लागत नाय." रागावली नाही. रागावली असती तर मला काही बोलता आले असते.

प्रेत मागच्या दाराने नेले. ते जाईपर्यंत मी बाकावर बसून होतो, ती भिंतीशी बसली होती. धूर दिसू लागला तेव्हा ती उठली, मडके घेऊन माझ्यापाशी आली आणि माझ्या उजवीकडे जी जागा रिकामी होती तेथे तिने ते ठेवले. मग कल्याणच्या वाटेने चालत गेली.

मडके मी घरी आणले. तेथे सोडून येणे योग्य दिसले नसते. पाणी खारे आहे, कशाच्याही उपयोगाचे नाही. ओटीवर सतरंजीशेजारी ठेवले आहे. ते कोणी येऊन न्यावे किंवा काय करावे ते कळवावे. या बाबतीत शास्त्राची आज्ञा मी शोधून पाहिली; सापडली नाही.

तुझ्या शब्दसंग्रहाविषयी. जोडीदार हा शब्द त्यातून काढून टाक. मुलांनी पाटीवर उतरविला असेल तर पुसून घे. लक्षणात दोष निघाला असे समजू नकोस. मी ते पुन्हा घासून पाहिले, ते निर्दोषच आहे. परंतु लक्षण करावयाचे ते लक्ष्य ओळखता यावे म्हणून. तुझ्या माहितीत ते एक होते. माझ्या माहितीत एक असू शकले असते. आता दोन्ही ठिकाणी कोणी नाही, आणि ओळखण्यास कोणी उरले नसता त्याची खूण मुलांना शिकविणे योग्य नव्हे.

भिकाजीशास्त्री